कॅप्टन थरथर आणि आम्ही बावीस सेक्टरवाले

चंदीगड सोडून आम्हाला पुष्कळ वर्षं झाली. पण तिथला आमचा घोळका एखाद्या लग्नात एकत्र आला, की नवरानवरीकडे कुणाचं लक्षच राहत नाही. कुणीतरी म्हणतं, "अरे, ते लेल्यांचं पत्र..." आणि मग एक पंगत उठून दुसरी बसते, तरी आम्ही आपले तिथेच. किस्स्यांचं असंच असतं बघा. घडतात तेव्हा घाम फुटलेला असतो. दहा-वीस वर्षं मुरले की त्यांचं हसू येतं.

आणि आमचे निम्मे किस्से एका कार्टूनचे आहेत. हो, कार्टूनचे!

ते दिवस पंजाबात वाईट होते. रोज कुठे ना कुठे अतिरेक्यांचं काहीतरी व्हायचं, पेपर उघडायला नको वाटायचं. चंदीगड त्या मानाने शांत, तरी कोपऱ्याकोपऱ्यावर वाळूची पोती, मधूनच कर्फ्यू, आणि रस्त्यात पडलेलं खेळणं, डबा, रेडिओ कशाला म्हणून हात लावायचा नाही, आत बॉम्ब असेल, हे पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. आमचे हे टेलिफोन खात्यात. साताऱ्याकडे लाइनमन म्हणून लागले, परीक्षा देत देत ज्युनियर इंजिनियर झाले आणि बदली आली ती थेट चंदीगडला. महिन्यातले पंधरा दिवस टूर. बटाला, तरनतारन, जिथली लाइन तुटेल तिथे, आणि जायचं एसटीसारख्या साध्या बसने. रविवारी सकाळी परत यायचे. ते दारात दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला. बाकी चंदीगड कसं आहे, बागा कशा आहेत, मला विचारू नका. मला तिथे एकच काळजी होती, हा माणूस धड घरी येतो की नाही.

आणि दर रविवारी सकाळी त्याच वेळी टीव्हीवर ते कार्टून लागायचं. कॅप्टन थरथर. परदेशातलं, पण हिंदी बोलणारं. हा कॅप्टन म्हणजे एक लठ्ठ, भित्रा कारकून. पण तो मनापासून घाबरला, की त्याचे गुडघे लटलटायचे, लटलटता लटलटता तो जमिनीवरून उचलला जायचा आणि मग असा उडायचा, की गुंडांची दाणादाण. भीती गेली की ताकद गेली! त्यामुळे त्यातले गुंड फार सभ्य. त्याला कुणी घाबरवायचंच नाही. पिस्तूल खिशात ठेवून ते केक घेऊन यायचे आणि म्हणायचे, "घबराइए मत, आराम से बैठिए."

बावीस सेक्टरमध्ये आमची वरच्या मजल्यावरची भाड्याची जागा. रंगीत टीव्ही आमच्याकडे, म्हणून दर रविवारी सगळे आमच्याकडे. लेले, जगताप, त्यांची बायकापोरं आणि खालून आमच्या घरमालकीण बीजी, विणकाम घेऊन. मी पोह्यांचं पातेलं चढवायचे आणि एक डोळा जिन्याकडे ठेवायचे.

*

पहिला आक्षेप लेल्यांचा. लेले पुण्याचे, सचिवालयात साहेब. आक्षेप घेणं हा त्यांचा धर्मच. हिरोने थरथर कापायचं आणि त्यालाच पोरांनी टाळ्या वाजवायच्या, तेही पंजाबसारख्या ठिकाणी, आत्ताच्या दिवसांत, हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी दिल्लीच्या टीव्हीवाल्यांना इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं. स्वतः टाइप केलं. दर रविवारी येऊन आम्हाला त्यातला नवा परिच्छेद वाचून दाखवायचे आणि मग, पत्रासाठी माहिती हवी म्हणून, पुढची खुर्ची धरायचे.

एका रविवारी कॅप्टन सापडला मगरींच्या तलावावर, दोरीने टांगलेला. गुंडांनी त्याला आइस्क्रीम भरवून भरवून इतका खूश केलेला, की बिचाऱ्याला घाबरताच येईना. दोरी कापायला सुरुवात झाली आणि फटकन लाइट गेली.

पोरं ओरडली, मग रडली, मग खेळायला पळाली. लेले जागेवरून हलेनात. पाच मिनिटांनी म्हणाले, जरा फोन करू का? खात्यामुळे आमच्याकडे फोन होता. लेल्यांनी थेट दिल्लीला मेहुण्याला लावला. आम्हाला वाटलं, घरी कुणाचं काही कमी-जास्त आहे की काय. ते गंभीर चेहऱ्याने ऐकत होते, "बरं... बरं... आणि मग?" शेवटी फोन ठेवला आणि हुश्श केलं.

"सुटला. मगरीने नुसती जांभई दिली आणि हा घाबरला."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतोय हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चष्मा पुसत म्हणाले, "तक्रार करायची तर संदर्भ अचूक लागतात."

ते पत्र शेवटपर्यंत पोस्टात पडलं नाही.

*

मेजर जगताप चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत होते. मिशा अशा, की आमचा दूधवाला त्यांना बघून दुधात पाणी घालायचा बंद झाला होता. त्यांची पिंकी सहा वर्षांची, आमच्या मुलाच्या, चिनूच्या वर्गात. दोघांनाही मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत.

एकदा पोहे खाता खाता पिंकीने सगळ्यांसमोर विचारलं, "पापा, आप डरते हो?"

मेजरांनी मिशांवरून हात फिरवला. फौजेतल्या माणसाला भीतीबिती काही नसते, असं जरा आम्हालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

पोरीने भोकाडच पसरलं. काही केल्या थांबेना. तिची आई विचारतेय, मी विचारतेय. शेवटी हुंदके देत म्हणाली, "फिर पापा उड़ेंगे कैसे?"

मेजर उठले. तिला कडेवर घेऊन गॅलरीत गेले आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती डोळे पुसत परत आली, ताठ मानेने बसली, उरलेले पोहे संपवले. काय सांगितलं, हे ना तिने कधी सांगितलं ना मेजरांनी. पण त्या दिवसापासून मेजरांच्या फुशारक्या निम्म्यावर आल्या, हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

*

सासूबाई साताऱ्याहून आल्या. पेपर वाचून वाचून आधीच पाचावर धारण बसलेली. कुकरची शिट्टी झाली तरी देवाचं नाव घ्यायच्या. स्कूटर फटफटली की दाराची कडी लावायच्या. चिनूचा आनंद गगनात मावेना! पार्कमध्ये दोस्तांना अभिमानाने सांगून आला, "मेरी दादी सबसे ज़्यादा डरती है."

संध्याकाळी त्यांना फिरायला नेलं, तर बाकासमोर दहा-बारा पोरं मांडी घालून बसलेली. एकाने तर दुर्बीण आणलेली. पाव तास झाला, कुणी हलेना.

"ही पोरं माझ्याकडं अशी काय बघत्यात गं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगून टाकलं, तुम्ही आता उडणार म्हणून वाट बघताहेत.

सासूबाईंनी एकवार पोरांकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे.

"उडता आलं असतं, तर साताऱ्यालाच नसते का गेले?"

*

आता हा किस्सा मी एका दमातच सांगून टाकते.

उन्हाळ्याची सकाळ. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. बघते तर चिनू कठड्यावर उभा. मानेला माझा टॉवेल बांधलेला. खालून अंगणातून पिंकी त्याला घाबरवायला "भौ" करतेय आणि तो खदखदा हसतोय. खाली दोन मजले, आणि फरशी.

ओरडायला म्हणून तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ओरडले असते तर पोरगं दचकलं असतं, आणि दचकलं असतं तर त्याच्या हिशेबाने ती उडायचीच वेळ! मागून बीजी आल्या. त्यांनीही बघितलं. त्या बाईने दर रविवारी विणता विणता सगळं कार्टून नीट पाहिलं होतं, हे माझं नशीब.

बीजी हळूच म्हणाल्या, "पुत्तर, घबरा मत. आराम से बैठ. पिन्नी खाएगा?"

पिन्नी म्हणजे त्यांच्याकडचा तुपातला लाडू. मीही सूर धरला, "हो रे सोन्या, काहीसुद्धा झालेलं नाही. सगळं कसं छान आहे." असं गोड गोड बोलत आम्ही दोघी दोन बाजूंनी पुढे. अगदी त्या केकवाल्या गुंडांसारख्या. माझे ओठ हसतायत आणि गुडघे लटलटतायत. हाताच्या अंतरावर आल्यावर मी त्याला कमरेला धरलं आणि आत ओढलं.

आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरून मीच रडत बसले. आणि हा म्हणतो कसा, "आप लोगों ने सब ख़राब कर दिया. बस डर लगने ही वाला था!"

बीजींनी त्याला पिन्नी दिली. एक मला दिली. एक स्वतः खाल्ली. तिघं गच्चीत फतकल मारून बसलो आणि जीव भांड्यात पडेपर्यंत नुसतं खात होतो.

त्या दिवशी मीही ठरवलं, लेल्यांच्या पत्रावर आपण सही करायची. हे कार्टून बंदच व्हायला हवं.

*

पण मग तो नाका आला.

पिंजोरची बाग बघायला स्कूटरवर निघालो होतो, हे, मी आणि मध्ये चिनू. मनीमाजऱ्यापुढे पोलिसांनी अडवलं. उतरा, डिकी उघडा, पर्स उघडा. नेहमीचंच. पण त्या दिवशी काहीतरी कानावर आलं असावं, सगळेच ताणलेले. आमच्याजवळचा जवान अगदी कोवळा होता, वीस-एकवीसचा. बोट बंदुकीच्या घोड्याजवळ, आणि मागे एक रिक्षा जरा जोरात थांबली तर तो एकदम गर्रकन वळला. कुणी श्वाससुद्धा घेईना.

आणि आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "अंकल, आपको डर लगता है?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण प्रश्न सुटला होता. बंदुकवाल्या माणसाला हे विचारायचं! ह्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या जवानाने आजूबाजूला पाहिलं, साहेब लांब आहेत ना ते बघितलं आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "लगता है बेटा. रोज़ लगता है."

चिनूने माझा हात बाजूला केला आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकला.

"शाबाश!"

तो जवान हसला. इतका हसला, की डिकी न बघताच त्याने आम्हाला सोडलं.

मी काही सही केली नाही. आई म्हणून स्पष्ट सांगते, इतर सगळी हिरोमंडळी पोरांना सांगत होती, मर्दाला भीती वाटत नाही. आणि आम्ही मोठी माणसं तर घरात रोज खोटं बोलत होतो, काही नाही रे, कुठे काय, टायर फुटला असेल. एक तो लठ्ठ कारकूनच काय तो खरं बोलत होता.

*

आमच्या ह्यांना मात्र हे कोण सांगणार! टूरला निघताना त्यांचा एक ठरलेला डायलॉग असायचा. मी म्हणायचे, जपून जा. की हे छाती पुढे काढून, "मला गं कसली भीती! आमच्या सात पिढ्यांत कुणी घाबरलं नाही." मी पिशवी हातात द्यायचे. पण चिनू एकदा दारातच आडवा उभा राहिला. जाऊ देईना. ह्यांच्या पायाला मिठी मारून म्हणतो, "बाबा, थोड़ा तो डरो ना. प्लीज़!"

हे हसले, त्याला उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "वाघाचा बच्चा असं बोलत नाही."

ते गेल्यावर पोरगं पायरीवर बसून राहिलं. मीही त्याच्या शेजारी जाऊन बसले, कारण मलाही तेच हवं होतं. भिणारा माणूस गपचूप बसतो, वाद घालत नाही, वेळेवर घरी येतो. आमचे हे बसमध्ये कंडक्टरशी सुट्या चार आण्यांवरून भांडणारे. उद्या कुणी बंदूक रोखून खाली उतर म्हटलं, तर हे त्याला आधी तुझं नाव काय म्हणून विचारतील, ही मला खात्री!

*

आणि मग तो रविवार.

हे तरनतारनला गेलेले. सकाळी साडेआठची वेळ टळली. नऊ वाजले. सगळे जमले, टीव्ही लागला, कॅप्टन थरथर सुरू झाला, संपला. दहा. अकरा. मी पोहे तिसऱ्यांदा गरम केले. लेले कोपऱ्यावर जाऊन आले ते चेहरा पाडून. मेजरांना बाजूला घेऊन कुजबुजले. मी म्हटलं, जे आहे ते माझ्यासमोर बोला. तर म्हणाले, बाजारात बोलतायत, तरनतारनच्या रस्त्यावर एक बस अडवली म्हणे. मेजरांनी इकडे तिकडे फोन लावले, कुणालाच काही धड माहीत नव्हतं.

बीजी माझा हात धरून बसल्या. त्यांचे ओठ हलत होते, पाठ चालला होता. टीव्ही कुणीतरी बंद केला. चिनूने त्या दिवशी कार्टून पाहिलंच नव्हतं, फोनच्या स्टुलापाशी जमिनीवर बसून होता. एकदाच त्याने मला विचारलं, "आई, बाबा डरे होंगे ना?"

मला त्याच्याकडे बघवेना. नसणार घाबरला. तो माणूस छाती काढून उभा असणार. मला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला, इतका राग आला, की काय सांगू.

साडेबाराला फोन वाजला.

कुणी उचलेना. मेजर माझ्याकडे बघतायत, मी लेल्यांकडे, लेले फोनकडे. आणि फोन आपला वाजतोय.

नंतर काय कळलं ते आधीच सांगून टाकते. तुमचा जीव कशाला टांगणीला, आमचा होता तेवढा पुरे. लेल्यांनी आणलेली बातमी साफ खोटी होती. बस मुळातच पाच तास उशिरा सुटलेली. आणि मग वाटेत, दोन्हीकडे शेतं असलेल्या रस्त्यावर, धाड्कन आवाज झाला. गोळी! अख्खी बस किंचाळत उतरली आणि शेजारच्या उसात घुसली. म्हातारे, बायका, ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे. फक्त आमचे हे उसात गेले नाहीत. पंधरा वर्षं काही बिघडलं की हा माणूस खांबावर चढत आलेला. हातापायांना दुसरं काही ठाऊकच नाही. हे सरळ रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या खांबावर चढले ते पार तारांपर्यंत, आणि खांबाला मिठी मारून बसले. "गोळीबार चालू असताना जिल्ह्यातल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," असं मेजर नंतर म्हणाले.

गोळी नव्हतीच. खरोखरच टायर फुटला होता. लोक उसातून धूळ झटकत बाहेर आले, हसायला लागले, आणि मग कुणाचंतरी वर लक्ष गेलं. एका सरदारजींनी विचारलं, भाईसाब, आप ऊपर क्या कर रहे हो? हे वरून म्हणाले, "लाइन चेक कर रहा हूँ जी!" आता म्हटलंय तर करणं आलं. खांद्याच्या पिशवीत लाइन तपासायचा फोन कायम असायचाच. तो तारेला लावला. एक्स्चेंजची ऑपरेटर ओळखीची निघाली, तिला म्हणाले, घरचा नंबर जोडून दे. खाली सगळी बस माना वर करून बघतेय, काम कसं चाललंय ते.

तर इकडे फोन वाजत होता. शेवटी चिनूने उचलला.

"हॅलो."

आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"बाबा?" एवढं ऐकलं आणि मी मटकन खालीच बसले. बीजींनी मला धरलं. लेल्यांनी चष्मा काढला. चिनू आम्हाला हाताने गप्प करत होता.

"कहाँ हो? ... खंभे पे? ... खंभे पे क्यूँ चढ़े?"

मग तो नुसता ऐकत राहिला. पलीकडे हे बहुतेक फार हळू बोलत असावेत, कारण त्याने रिसीव्हर कानावर गच्च दाबून धरला होता आणि त्याचे डोळे मोठे मोठे होत चालले होते.

"हाँ... हाँ बाबा. नहीं, किसी को नहीं बताऊँगा. पक्का. आई को भी नहीं."

त्याने रिसीव्हर छातीशी धरला, आमच्या सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि अख्ख्या बावीस सेक्टरला ऐकू जाईल असा, चक्क मराठीत, ओरडला,

"आई, बाबा घाबरले! खूप खूप घाबरले!"